दोरीपलीकडचं अंथरूण

१

सव्वीस वर्षं लॉजवर खोल्या आवरल्या की बाईला अंथरूण वाचता यायला लागतं. धाकटीला यायचं. दार उघडून नुसतं आत डोकावलं तरी ती सांगायची, की इथं झोपलेला माणूस जाडजूड होता, डाव्या कुशीवर होता, पहाटे उठून बराच वेळ पलंगाच्या कडेला बसला होता आणि बायकोशी भांडून आला होता. शेवटचं ती अंदाजानं ठोकून द्यायची, पण बहुतेक वेळा खरं निघायचं.

त्यामुळं जहाजावर चढल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिचं खोलीवाल्याशी वाजलं. खोलीवाला म्हणजे रोज येऊन खोली आवरणारा, चाळिशीतला, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं घातलेली चादर धाकटीला पसंत पडेना. तिनं त्याच्यासमोर ती ओढून काढली, पुन्हा घातली, उशाकडचे दोन कोपरे गादीखाली दाबले आणि पायथ्याचे दोन मोकळे सोडले. गिऱ्हाईक खोलीत राहत असेल तर पायथ्याचे दोन कोपरे मोकळे ठेवायचे आणि खोली सोडून गेलं की मगच चारही दाबायचे, हा तिच्या लॉजचा नियम. म्हणजे दुसऱ्या बाईनं दारातून बघितलं तरी तिला कळतं, की खोली भरलेली आहे की रिकामी. खोलीवाला म्हणाला, काकू, हे मला माहीत आहे, मी पण हेच करतो. धाकटी म्हणाली, करतोस, पण वाईट करतोस. टॉवेलाची बदकं छान करतोस तेवढी कर, अंथरुणाचं मी बघते. त्याला काय, एक काम कमी झालं. दुसऱ्या दिवसापासून तो दोन साबण जास्त ठेवायला लागला.

खोलीत पलंग दोन. एक धाकटीचा, एक थोरलीचा. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. अठ्ठावीस वर्षं एका घरात, एका चुलीवर भांडून आणि त्याच चुलीवर समेट करून काढलेल्या दोघी. धाकटीचा नवरा आधीच गेला होता, आणि त्यानंतरच आपल्याला शांत झोप लागायला लागली, असं ती चारचौघांत सांगायची. थोरलीचं उलट झालं. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला आणि तिची झोपच उडाली. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. शेवटी लेकीनं जहाजाची तिकिटं काढली. आठ दिवस, जुनी जुनी बंदरं, समुद्राची हवा. आई एकटी जाणार नाही, म्हणून काकूला गळ घातली.

निघताना लेक धाकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, मला आता तेवढी एकच आहे. नेतेस तशी परत आण."

धाकटी म्हणाली, "पार्सल आहे का ती?" आणि मग पोरीचे डोळे बघून म्हणाली, "आणते गं."

थोरलीचं अंथरूण धाकटीला तोंडपाठ होतं. डाव्या कुशीचा खड्डा, गुडघे पोटाशी घेतल्याचा दुसरा खड्डा, उशी मधोमध दुमडून मानेखाली घेतलेली. आणि पायथ्याशी चुण्या. झोपेत थोरली उजवी टाच गादीवर घासायची. रात्रभर घासायची. त्यामुळं सकाळी चादरीवर हातपंख्यासारख्या चुण्या उमटलेल्या असायच्या, एका टोकाला गोळा होऊन दुसरीकडं पसरलेल्या. पहिल्या सकाळी त्या होत्या. धाकटीनं त्या हातानं सारख्या केल्या आणि पायथा मोकळा सोडला.

२

पहिलं शहर लागलं ते टेकडीच्या कडेला चिकटलेलं. खाली बंदर, वर तट, तटावर गंजलेल्या तोफा. रस्ते दगडी, आणि इतक्या पायांनी घासलेले की ओल्या साबणासारखे चकाकत होते. जहाजावरची चाळीस माणसं पिवळी छत्री उंच धरलेल्या गाइडच्या मागं मेंढरांसारखी चालली होती. धाकटीचे गुडघे बोलायला लागले होते. थोरली मात्र चालत होती. वर्षभर घराच्या उंबऱ्याबाहेर न पडलेली बाई टणाटण चालत होती, ते बघून धाकटीला बरं वाटलं.

गाइडनं त्यांना एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात नेलं. तिसऱ्या मजल्यावर निजायची खोली. चार खांबांचा पलंग आणि त्याच्याभोवती जाड लाल दोरी, माणसांनी हात लावू नये म्हणून. गाइड सांगत होता, की या पलंगावर तीन पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, आणि शंभर वर्षांत इथं कोणी पाठ टेकलेली नाही.

धाकटीनं मान पुढं काढून बघितलं आणि तिला हसू आलं. शंभर वर्षं म्हणे. अंथरूण चांगलं मोडलेलं होतं. रात्री कोणीतरी झोपून गेलं होतं. राखणदार असेल, दुसरं कोण. पगार कमी आणि पलंग मोठा, माणूस कशाला सोडतोय. ती थोरलीला दाखवणार, तेवढ्यात तिचं लक्ष पायथ्याकडं गेलं.

डाव्या कुशीचा खड्डा. गुडघ्यांचा खड्डा. दुमडलेली उशी. आणि पायथ्याशी हातपंख्यासारख्या चुण्या.

असल्या चुण्या पाडणारी एकच बाई तिला माहीत होती, आणि ती खिडकीपाशी उभी राहून बंदर बघत होती.

जगात काय एकाच बाईची टाच चुळबुळते का, असं धाकटीनं स्वतःला खडसावलं. घोळका पुढच्या खोलीत गेला. तिनं जायला पाहिजे होतं. पण मोडलेलं अंथरूण दिसलं की तिचे हात शिवशिवायचे, ही जित्याची खोड. इकडं तिकडं बघून तिनं दोरी ओलांडली. उशी उलगडली, चादर ताणली, चुण्या तळहातानं काढल्या. आणि हे अंथरूण काही कोणा गिऱ्हाइकाचं नाही, म्हणून रिकाम्या खोलीचं करतात तसं केलं. एक, दोन, तीन, चार. चारही कोपरे गच्च.

चौथा दाबला, तेव्हा खिडकीपाशीच उभी असलेली थोरली म्हणाली, "एकदम हलकं वाटलं बघ, धाकटे. कोणीतरी पाठीवरचं ओझं काढल्यासारखं."

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

३

दुसऱ्या सकाळी थोरलीच्या अंथरुणात चुण्या नव्हत्या.

धाकटी उठली तेव्हा थोरली केस विंचरून खुर्चीत बसली होती. कशी झोप लागली, असं विचारल्यावर म्हणाली, की मेल्यासारखी झोपले. धाकटीनं पांघरूण उचललं. कुशीचा खड्डा होता, पण उथळ, जसं दहा-बारा वर्षांचं पोर झोपून गेलं असावं. उशी सपाट. पायथा कोरा.

तिनं मनाची समजूत घातली. गाढ झोपलेला माणूस चुळबुळ करत नाही. टाच घासायची थांबली म्हणजे काळजी संपली. वर्षभर हेच तर मागत होतो आपण. मग आता मिळालं तर नाक का मुरडायचं?

न्याहारीला थोरलीनं दोन अंडी खाल्ली आणि धाकटीच्या ताटातला पाव उचलला. खोलीवाल्याची नक्कल करून दाखवली. समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याच्या केसांच्या टोपावर असं काही बोलली की धाकटीच्या नाकातून चहा आला. ही थोरली धाकटीला आठवत होती. लग्न होऊन आल्यावर जिनं तिला पहिल्यांदा हसवलं होतं ती हीच. सासू ओरडत असताना पदराआडून डोळा मारणारी.

तरी पुढं दिवसभर समुद्रच होता, आणि धाकटी दोनदा काहीतरी विसरल्याचं निमित्त करून खोलीत गेली. दोन्ही वेळा तिनं थोरलीच्या पलंगावर तळहात फिरवला. काय शोधत होती, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

४

दुसऱ्या शहरात थोरली म्हणाली, आज छत्रीच्या मागं जायचं नाही. आपलं आपण फिरू.

धाकटीला नको होतं. ना नकाशा, ना भाषा, ना पायांत जोर. पण थोरली तोवर शिडी उतरून धक्क्याला लागली होती. मासळीच्या पाट्या, जुनं जकातघर, त्याच्यामागं पायऱ्यांची गल्ली. थोरली डावीकडं वळली, उजवीकडं वळली, एका कमानीखालून वाकून गेली. कुठं थांबून विचारणं नाही की पाटी वाचणं नाही. धाकटी मागून धापा टाकत म्हणाली, की ताई, आधी आला होतात का इथं? थोरली म्हणाली, "वेडी का तू? आपलं नाकासमोर चाललेय."

नाकासमोर नऊ वळणं घेऊन त्या एका लांबट, बैठ्या इमारतीपाशी आल्या. जुन्या काळी आजारी खलाशांना ठेवायचे ते इस्पितळ. आता बघायला उघडं. दाराशी एक राखणदारीण लोकर विणत बसली होती. आत एकच लांब खोली, दोन्ही भिंतींना सहा-सहा लोखंडी खाटा, मधून दोरी. भिंती चुन्याच्या, फरशी धुतलेली. खिडक्यांतून समुद्राचा आवाज येत नव्हता, एवढा समुद्र जवळ असून. धाकटीला ते खटकलं.

अकरा खाटांवरच्या राखाडी चादरी पाटीसारख्या सपाट होत्या. बाराव्या खाटेवर अंथरूण मोडलेलं होतं.

या खेपेला धाकटीला हसू आलं नाही. तिनं दोरीखालून हात घातला. गादी ऊबदार होती. नुकतंच उठून गेल्यासारखी. दुमडलेल्या उशीवर एक लांब पांढरा केस होता, टोकाला अजून मेंदीचा तांबूस रंग धरलेला. थोरलीनं मेंदी लावणं वर्षापूर्वी सोडलं होतं. तेवढाच रंग उरला होता, टोकांना.

तिनं राखणदारणीला गाठलं. इथं कोण झोपतं, असं खुणा करकरून विचारलं. राखणदारीण मोडक्यातोडक्या हिंदीत शांतपणे म्हणाली, की कोणी नाही. रोज सकाळी कुलूप मीच काढते. आत गादी नाही, पेंढा आहे आणि तो खिळ्यांनी ठोकलेला आहे, त्यावर कोणी झोपूच शकत नाही. मग अंथरूण कोण मोडतं? त्यावर ती म्हणाली, की मोडलेलं कुठं आहे, आणि पुन्हा विणायला लागली.

घाबरलं की काहींचे पाय चालतात, काहींचं तोंड चालतं. धाकटीचे हात चालायचे. ती आत गेली ती तडक बाराव्या खाटेपाशी. कोणी बघतंय का, तेही बघितलं नाही. तो केस उचलून कमरेला खोचला, चादर अशी ताणली की जुनं कापड करकरलं, आणि खुन्नस काढल्यासारखे चारही कोपरे दाबले. बस आता, म्हणाली ती, कोणाला तरी. बस झालं.

थोरली खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिनं मोठी जांभई दिली आणि मग अंग झाडून खुदकन हसली, झोप पुरी झालेल्या माणसासारखी.

५

त्यानंतरचा दिवस समुद्रातच गेला. दुपारी जेवल्यावर थोरली म्हणाली, जरा पडते. धाकटी खुर्ची ओढून बसली. हातात मासिक धरलं, पण ते उलटं होतं.

थोरली पलंगावर आडवी झाली. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. दोन मिनिटांत तिचा डोळा लागला. खिडकीतून पांढरं लख्ख ऊन येत होतं, त्यात सगळं दिसत होतं. पापण्या, कानातली बारीक कुडी, उघड्या तोंडातला सोन्याचा दात. बाहेर डेकवरच्या तलावात कोणीतरी सूर मारत होतं, टाळ्या वाजत होत्या.

धाकटी उठली आणि पलंगापाशी वाकली. सकाळी तिनं घातलेली चादर होती तशी होती. थोरलीच्या खांद्याखाली नाही, कमरेखाली नाही, कुठंही गादी दबलेली नव्हती. बासष्ट किलोची बाई ताणलेल्या चादरीवर अशी पडली होती, जसं ताटावर पान ठेवावं. धाकटीनं तळहात तिच्या पाठीमागं टेकवला. तिचा स्वतःचा हात गादीत बोटभर रुतला. शेजारी थोरलीची पाठ होती. तिथं काही रुतलं नव्हतं. चादर थंड होती.

नवी गादी असेल. स्प्रिंगा असतील. जहाजावरचं सगळंच निराळं असतं. धाकटीनं ही सगळी कारणं एकामागून एक काढून बघितली, जशी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून एखाद्या मोज्याची जोडी शोधावी. एकही बसेना. शेवटी ती आपल्या पलंगावर बसली. गादी करकरून खाली गेली, आणि तिला रडू आलं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. थोरली फोनमध्ये तोंड खुपसून बोलत होती. समुद्र असा, जेवण तसं, तुझी काकू घोरते कशी. मग लेकीनं काकूला मागितलं आणि हळूच म्हणाली, की काकू, आई किती छान दिसतेय गं, दहा वर्षं मागं गेल्यासारखी. तुझे उपकार कसे फेडू? धाकटीनं फोन कानाला लावला, आपलं तोंड तिला दिसू नये एवढ्यासाठी.

६

रात्रभर उमगलं नाही, ते सकाळी दात घासताना तिला उमगलं.

दाराशी खोलीवाला टॉवेल घेऊन उभा होता. गप्पा मारायच्या म्हणून तो म्हणाला, की पलीकडच्या खोलीतल्या बाईंनी परवा आजारी पडून मधल्याच बंदराला जहाज सोडलं. "काल सकाळी चारही कोपरे दाबले तिथले. आपल्याकडं कसं, काकू, कोपरे दाबले की माणूस गेलं."

धाकटीच्या तोंडात फेस होता तो तसाच राहिला.

कोपरे कोणी दाबले होते? तिनंच. दोन शहरांत, दोन पलंगांवर, आपल्या हातानं. त्या खोल्यांत कोण होतं, कशाला होतं, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. पण जे होतं त्याचं अंथरूण थोरलीचं होतं. आणि तिनं ते रिकाम्या खोलीसारखं आवरून टाकलं होतं. बाई अजून आत असताना.

मूर्खपणा आहे, असं तिच्या डोक्यानं सांगितलं. तिच्या हातांनी ऐकलं नाही.

आज शेवटचं शहर होतं. उद्या घरचं बंदर, धक्क्यावर लेक उभी असणार. साडेचारला शिडी उचलणार होते. धाकटीनं ठरवलं. शहरात जायचं, तसा पलंग असेल तर शोधायचा, आणि या खेपेला तो आवरायचा नाही. कोपरे दाबलेले असतील तर सोडवायचे, अंथरूण भरलेलं आहे असं दिसू द्यायचं. मग जे व्हायचं ते होईल.

थोरली डेकवर आरामखुर्चीत पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, आज माझी हौस फिटली, तूच जा. खुर्चीचं कापड तिच्याखाली ताठ होतं. धाकटीनं तिकडं बघायचं टाळलं. हलू नका इथून, असं बजावलं. थोरली म्हणाली, की मी कुठं जातेय आता.

७

या शहरात थोरली पुढं नव्हती, त्यामुळं धाकटी रस्ता चुकत, माणसांना अडवत फिरली. बंदरावरचा दीपस्तंभ, दोरखंड वळायची लांब पडवी, तोफखाना, सगळीकडं तिकिटं विकणारी माणसं बसलेली. इथं हिंदी चालत होती, आणि ती प्रत्येकाला एकच विचारायची, की इथं जुना पलंग बघायला मिळतो का. एकानं विचारलं, झोप आलीय का काकू? दुसरा म्हणाला, पलंग बघायला समुद्र ओलांडून आलात होय. धाकटीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुकाट बोट दाखवलं. टेकडीवर जुन्या बंदर-अधिकाऱ्याचं घर आहे, वरच्या मजल्यावर आहे एक.

पोचली तेव्हा पावणेतीन झाले होते. खाली कोणी नव्हतं. तिकिटाच्या टेबलावर चष्मा ठेवलेला, चष्मेवाला नाही. लाकडी जिना. बारा पायऱ्या तिनं मोजल्या, कारण मोजत राहिलं की दुसरं काही मनात येत नाही. वर अरुंद बोळ, बोळाच्या शेवटी उघडं दार.

खोलीत ऊन होतं. एक टेबल, त्यावर पितळी दुर्बीण. एक कपाट. भिंतीशी पलंग, आणि त्याच्यापुढं दोरी.

पलंगावरची गोधडी उंच झाली होती.

आधी तिला वाटलं, खाली उशा ठेवल्या असतील, दाखवायला म्हणून. मग ती गोधडी हळूच वर गेली आणि हळूच खाली आली. पुन्हा वर गेली. भिंतीकडं तोंड करून कोणीतरी झोपलेलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले होते. आणि पायथ्याशी, गोधडीच्या आत, काहीतरी पुढं-मागं, पुढं-मागं होत होतं. कापडावर कोरडी टाच घासल्याचा आवाज. वर्षभर पलीकडच्या खोलीतून धाकटी तो ऐकत आली होती.

ती दारात किती वेळ उभी राहिली, कोण जाणे. पळून जायचं तिच्या मनात आलं नाही, असं नाही. आलं. पण मग तिला लेकीचे डोळे दिसले, आणि ती रागावली. घाबरण्यापेक्षा तिला रागावणं सोपं जायचं. वर्षभर जिला भरवलं, न्हाऊ घातलं, जिची अंथरुणं घातली, ती अशी परक्याच्या माडीवर पडून राहणार?

तिनं दोरी ओलांडली आणि घरी रोज हाक मारायची तशीच मारली.

"ताई, उठा. उशीर झाला."

टाच थांबली.

गोधडीच्या कडेतून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, निळ्या शिरांचा, बोटं जरा फाकलेली. आंधळ्यानं आधार मागावा तसा हवेत राहिला. धाकटीनं तो धरला. ऊबदार होता, आणि जड होता. माणसाच्या हाताला जेवढं वजन असावं तेवढं त्याला होतं.

तोंड मात्र तिनं बघितलं नाही. गोधडी बाजूला झाली तशी तिनं मान खाली घातली आणि फरशीकडं बघितलं. तोंड थोरलीचं निघालं नसतं, तर तिच्या हातून हात सुटला असता. आणि थोरलीचंच निघालं असतं, तर जहाजावर कोण बसलं होतं, याचा विचार करावा लागला असता. दोन्ही तिला परवडणारं नव्हतं. फरशीवर तिला दोन अनवाणी पावलं उतरलेली दिसली, आणि तिनं पाठ फिरवली.

अंथरूण तिनं तसंच मोडलेलं राहू दिलं.

८

उतार होता. धाकटी पुढं, हात मागं, आणि त्या हाताला धरून कोणीतरी चाललेलं. दगडांवर अनवाणी पायांचा चटचट आवाज येत होता. कधी तो मागं पडायचा, मग तिच्या खांद्याला ओढ बसायची. ती म्हणायची, चला ताई, जवळच आलं. उत्तर मिळायचं नाही. थोरली तरी कुठं झोपेतून उठल्या उठल्या बोलायची.

लोक वाट देत होते. एका बोळात समोरून पाट्या घेतलेला हमाल आला. तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि एका माणसाला पुरेल त्याहून जास्त जागा सोडली. धाकटीनं ते बघितलं आणि तिला धीर आला. म्हणजे आहे कोणीतरी. माझ्या डोक्यातलं नाही.

सावली बघावी, असं एकदा मनात आलं. ऊन पाठीमागून होतं, सावल्या पुढं पडल्या असत्या. तिनं डोळे वर उचलून समोरच्या कौलांवर ठेवले.

सव्वाचारला धक्का आला. जहाज पांढऱ्या भिंतीसारखं उभं होतं. शेवटची माणसं शिडी चढत होती. पिवळी छत्री मिटलेली. धाकटीनं मनाशी ठरवलं, की शिडीवर पाय ठेवायचा आणि मग वळून बघायचं. तोवर काही बोलायचं नाही. खोलीत गेल्यावर, ही इकडची थोरली आणि ती तिकडची, एकमेकींत मिसळून जातील, दूध-पाणी मिसळतं तशी. कशी, ते तिला माहीत नव्हतं. पण झोप आणि माणूस वेगवेगळी किती दिवस राहणार?

तिसऱ्या डेकच्या कठड्याशी थोरली उभी होती.

धाकटी दिसल्याबरोबर ती पुढं वाकली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागली. लहान पोरीसारखी. तिची दहाही बोटं उन्हात वेगवेगळी दिसत होती. धाकटीच्या मुठीतला हात तेव्हाही मुठीतच होता. त्याची नाडी तिच्या अंगठ्याखाली चालत होती.

धाकटीनं आपला मोकळा हात वर केला आणि हलवला. हसली पण.

वरची हलवता हलवता थांबली. तिनं एक हात कपाळावर आडवा धरला, उन्हापासून डोळे झाकायला, आणि खाली नीट निरखून बघितलं. धाकटीकडं नाही. धाकटीच्या जरा बाजूला.

मग तिचा आवाज आला. रोजचाच आवाज, अठ्ठावीस वर्षं ऐकलेला, जरा काळजीत पडलेला.

"धाकटे, कोण गं ती तुझ्याबरोबर?"

मुठीतला हात आता सुटायला बघेल, असं धाकटीला वाटलं. त्यानं तिचीच बोटं घट्ट धरली, आणि तिला शिडीकडं ओढायला सुरुवात केली.